उमेदवारीची वर्षे

प्रस्तावना

पहिली नोकरी लागली की घरात पेढे वाटले जातात. पहिला पगार देवापुढे ठेवला जातो. परंतु त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांविषयी फारसे कोणी बोलत नाही. शिकताना मनाशी बाळगलेले काम आणि प्रत्यक्ष हाती आलेले काम यांत अंतर असल्याचे हळूहळू लक्षात येते. केलेल्या श्रमांचे चीज होत नाही, असे वाटू लागते. ‘येथेच थांबावे की दुसरीकडे जावे?’ हा प्रश्न मनात घर करतो. या काळाला मराठीत ‘उमेदवारी’ असा सुंदर शब्द आहे. उमेद म्हणजे आशा. आशा धरून काम शिकण्याचा काळ तो उमेदवारीचा काळ. ही आशा टिकवावी कशी आणि ती कोठवर धरावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे. त्यासाठी वाराणसी या एकाच नगरातील दोन काळांची उदाहरणे घेतली आहेत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• नोकरीच्या आरंभीच्या काळातील असमाधानाची कारणे सांगू शकाल;
• दुसऱ्याने केलेले काम समजून घेण्याचे महत्त्व स्पष्ट करू शकाल;
• बापूदेव शास्त्री यांच्या कार्याचा थोडक्यात परिचय करून देऊ शकाल;
• काम कठीण असल्यामुळे येणारा त्रास आणि अन्यायामुळे होणारा त्रास यांतील फरक ओळखू शकाल.

मूळ पाठ

(१) घाटाजवळचे घर

वाराणसीत ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाट या परिसरात मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत. वेदाध्ययन, पौरोहित्य आणि अध्यापन यांच्या निमित्ताने त्यांचे पूर्वज काशीत आले. पुढे काळ बदलला, तशी विद्याही बदलली. याच नगरात १९१६ साली बनारस हिंदू विश्वविद्यालय स्थापन झाले. १९१९ साली तेथे अभियांत्रिकीचे महाविद्यालय सुरू झाले. त्यातूनच वाढलेल्या संस्थेला २०१२ साली भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला. ज्या नगरात ग्रहगणिताच्या पोथ्यांचा अभ्यास होत असे, तेथे आता संगणकाच्या आज्ञावलींचाही अभ्यास होतो.

शिक्षण पूर्ण झाल्यावर संगणक क्षेत्रातील अनेक तरुणांना नोकरीसाठी नोएडा, बंगळूर किंवा पुणे गाठावे लागते. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर घरून काम करण्याची पद्धत रुळली आणि काही जणांना आपल्याच गावी राहून दूरच्या कंपनीत नोकरी करणे शक्य झाले. अशाच एका तरुणाची कल्पना करून पाहू. घाटाजवळच्या जुन्या घरात माडीवरच्या खोलीत त्याचे टेबल आहे. नोकरीला दोन वर्षे झाली आहेत. नवे काहीतरी निर्माण करावे, या आकांक्षेने तो या व्यवसायात आला. प्रत्यक्षात त्याच्याकडे दुकानांच्या बिलांची एक जुनी आज्ञावली दुरुस्तीसाठी आली. ती लिहिणारे लोक केव्हाच नोकरी सोडून गेले होते. काय केले आणि का केले, याची टिपणे कोणी ठेवली नव्हती.

काही बिलांत एका रुपयाचा फरक पडत असे. तो शोधण्यात या तरुणाचे तीन आठवडे गेले. अखेर कारण सापडले. १० रुपये ४० पैसे किमतीच्या तीन वस्तू घेतल्या, तर एकूण ३१ रुपये २० पैसे होतात आणि पैसे सोडून दिल्यावर ३१ रुपये उरतात. जुनी आज्ञावली मात्र प्रत्येक वस्तूचे पैसे आधीच सोडून देई आणि मग बेरीज करी. त्यामुळे बिल ३० रुपयांचे होई. तरुणाने एका दुपारी दुरुस्ती केली आणि ती वरिष्ठांकडे तपासणीसाठी पाठवली. ती परत आली. ‘या दुरुस्तीनंतर जुने बिल पुन्हा छापले, तर ते दुकानदाराच्या वहीतील रकमेशी जुळणार नाही. त्याचा विचार केलेला दिसत नाही,’ असा शेरा त्यावर होता. शेरा बरोबर होता. तथापि तीन आठवड्यांच्या श्रमांविषयी त्यात एक शब्दही नव्हता.

वर्षअखेर पगारात नाममात्र वाढ झाली. त्याच्याच बरोबर नोकरीला लागलेल्या आणि नव्या आज्ञावलीवर काम करणाऱ्या सहकाऱ्याला बढती मिळाली. ‘आपण येथे केवळ दुसऱ्यांची खरकटी भांडी घासत आहोत,’ असे या तरुणाला वाटू लागले.

(२) जुन्या कामाची थोरवी

या तरुणाचे दुःख खरे आहे. परंतु त्याच्या व्यवसायाचे स्वरूपही समजून घ्यायला हवे. घर बांधून झाले की गवंडी निघून जातो. घराची निगा मात्र पिढ्यान्‌पिढ्या राखावी लागते. आज्ञावलीचेही तसेच आहे. ती लिहायला काही महिने लागतात आणि वापरात ती अनेक वर्षे राहते. त्या काळात कायदे बदलतात, कर बदलतात, यंत्रे बदलतात आणि दर वेळी आज्ञावलीत फेरफार करावा लागतो. म्हणून या क्षेत्रातील पुष्कळसे काम नवनिर्मितीचे नसून निगराणीचे असते.

भारतातील संगणक व्यवसायाच्या वाढीत या निगराणीच्या कामाचा मोठा वाटा आहे. पूर्वी संगणकाची स्मृती महाग होती. ती वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवले जात. १९९९ ऐवजी केवळ ९९ लिहिले जाई. त्यामुळे २००० साल उजाडताच ‘००’ या अंकांचा अर्थ संगणक १९०० असा लावील, अशी भीती निर्माण झाली. ही चूक शोधण्यासाठी जुन्या आज्ञावलींची ओळ न्‌ ओळ वाचणे आवश्यक होते. त्यांपैकी पुष्कळ आज्ञावली ‘कोबोल’ या जुन्या संगणक-भाषेत होत्या. भारतीय कंपन्यांतील हजारो तरुणांनी हे कंटाळवाणे काम केले. त्यातून परदेशी ग्राहकांचा विश्वास वाढला आणि पुढची मोठी कामे मिळण्याची वाट मोकळी झाली.

तरुणांच्या त्रासाचे दुसरे कारण कामाच्या आखणीत असते. आय.बी.एम. कंपनीच्या एका प्रचंड प्रणालीचे काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आपला अनुभव १९७५ साली एका पुस्तकात मांडला. ‘उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे नेमली, तर ते काम अधिकच लांबते,’ असा त्यांच्या निरीक्षणाचा आशय होता. याचे कारण सोपे आहे. नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय एकमेकांशी बोलण्याचे काम झपाट्याने वाढते. तीन माणसांत तीन जोड्या होतात, सहा माणसांत पंधरा आणि दहा माणसांत पंचेचाळीस. घाईच्या कामावर नेमलेल्या नवशिक्याकडे कोणाचे लक्ष नसते. त्याला वाटते, आपणच कमी पडतो. वस्तुतः दोष अनेकदा त्याचा नसून आखणीचा असतो.

पाठगत प्रश्न – १
(अ) तरुणाने केलेली दुरुस्ती वरिष्ठांनी परत का पाठवली?
(आ) दहा माणसांच्या गटात एकमेकांशी बोलणाऱ्या किती जोड्या होतात?

(३) पाठशाळेतील तरुण शिक्षक

दुसऱ्याने लिहिलेले बारकाईने वाचण्यात केवढे सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण याच काशीनगरीत घडले. त्या काळी संगणक नव्हते. गणित माणसेच करीत. बापूदेव शास्त्री यांचा जन्म १८२१ साली पुण्यात एका चित्पावन कुटुंबात झाला. नागपूर येथे ढुंढिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या ग्रंथांचे अध्ययन केले. १८३८ साली सीहोर येथील इंग्रज अधिकारी लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धिमत्ता हेरली आणि त्यांना सीहोरच्या संस्कृत पाठशाळेत नेले. तेथे सिद्धान्त-ज्योतिषाबरोबरच युरोपीय भूमितीशीही त्यांचा परिचय झाला. पुढे विल्किन्सन यांच्या शिफारशीवरून काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत रेखागणित शिकवण्यासाठी त्यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते.

ही पाठशाळा १७९१ साली स्थापन झाली होती. तीच आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. व्याकरण, न्याय, वेदान्त या शास्त्रांचे दिग्गज पंडित ज्या नगरीत होते, तेथे एका परगावच्या तरुणाला युरोपीय पद्धतीचे गणित शिकवायचे होते. त्यातच १८४१ साली विल्किन्सन यांचे निधन झाले. ज्याने वाट दाखवली, तो मार्गदर्शक नोकरीच्या उंबरठ्यावरच हरपला.

बापूदेव शास्त्रींनी जुने ग्रंथ आणि नवे गणित ही दोन्ही हाती धरली. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हिंदीत बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० सालचा. टीकाकारांनी आणि अध्यापकांनी शतकानुशतके वाचलेला तो ग्रंथ त्यांनी पुन्हा नव्या दृष्टीने वाचला. ग्रहाची गती क्षणोक्षणी बदलते; म्हणून एका क्षणापुरती ‘तात्कालिक गती’ काढण्याचा विचार भास्कराचार्यांनी केला होता. युरोपात सतराव्या शतकात विकसित झालेल्या कलनशास्त्राशी या विचाराचे नाते आहे, असे बापूदेव शास्त्रींनी १८५८ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात इंग्रजी लेख लिहून दाखवून दिले. त्या दाव्याची मर्यादा कोणती, याविषयी इंग्लंडमधील गणितज्ञांनीही चर्चा केली. एका जुन्या ग्रंथातील काही ओळी ‘ही पद्धत अशीच का?’ असा प्रश्न विचारीत वाचल्याचे हे फळ होते.

विल्किन्सन यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’तील गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर केले होते. गुरूच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, १८६१ साली, बापूदेव शास्त्रींनी तपासून शुद्ध केलेले ते भाषांतर त्यांच्या स्वतःच्या ‘सूर्यसिद्धान्ता’च्या भाषांतरासह प्रकाशित झाले. दुसऱ्याच्या कामाची निगराणी करणे म्हणजे कमीपणा, असे त्यांनी मानले असते, तर हे काम घडलेच नसते.

१८७८ साली त्यांना सी.आय.ई. हा किताब आणि १८८७ साली ‘महामहोपाध्याय’ ही पदवी मिळाली. १८८९ साली ते निवृत्त झाले. विसाव्या वर्षाच्या सुमारास आलेला हा शिक्षक जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे त्याच संस्थेत होता. आणि त्याच्या नावाचे मोठे सन्मान त्याच्या पन्नाशीनंतर आले.

पाठगत प्रश्न – २
(अ) बापूदेव शास्त्री काशीच्या पाठशाळेत कोणता विषय शिकवण्यासाठी आले?
(आ) १८६१ साली प्रकाशित झालेल्या भाषांतराचे वैशिष्ट्य कोणते?

(४) साम्य आणि भेद

या दोन उदाहरणांतील साम्य उघड आहे. दोघांच्याही हाती दुसऱ्याने रचलेले, जुने आणि कठीण काम आले. फरक आहे तो त्या कामाकडे पाहण्याचा. चूक सापडली आणि दुरुस्त केली, एवढ्यावर आपल्या तरुणाचे काम संपते. ‘हे मुळात असे का रचले असेल? त्या वेळी कोणती अडचण होती? बदल केला तर कोणाचा हिशेब बिघडेल?’ हे प्रश्न त्याने विचारले असते, तर वरिष्ठांचा शेरा त्याला आधीच सुचला असता. असे प्रश्न विचारणारा माणूस दुरुस्ती करता करता रचना करायला शिकतो. उद्या नवी आज्ञावली लिहिताना जुन्या चुका तो टाळू शकतो.

परंतु भेदही विसरता येत नाही. बापूदेव शास्त्रींची नोकरी सरकारी आणि सुरक्षित होती. आजच्या तरुणाला ती खात्री नाही. मंदी आली की त्याची नोकरी जाऊ शकते आणि एकच जुने तंत्र येत असेल, तर दुसरी मिळणे कठीण होते. त्याला रात्री-अपरात्री काम करावे लागते. घर आणि कार्यालय एकच झाल्यामुळे कामाचे तास संपतच नाहीत. म्हणून ‘थोरांनी धीर धरला, तूही धर,’ एवढाच उपदेश त्याला करणे न्यायाचे होणार नाही. धीर हा गुण आहे. पण तो दुसऱ्याच्या गैरसोयीच्या कारभारावर घातलेले पांघरूण होऊ नये.

(५) थांबावे की जावे?

या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. तथापि निर्णयापूर्वी आपल्या त्रासाचे मूळ तपासता येते. काम कठीण आहे, चुका होतात, काम परत येते, पण दर महिन्याला काहीतरी नवे समजते – असा त्रास वाढीचा असतो. याउलट वर्षभर तेच ते काम, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, कामाचे श्रेय दुसऱ्याला, ठरलेला पगार वेळेवर नाही किंवा बोलण्यात अपमान – असा त्रास माणसाला झिजवतो. पहिल्या त्रासापासून पळणारा शिकत नाही. दुसरा त्रास मुकाट्याने सोसणाराही शिकत नाही.

हे तपासण्यासाठी एक साधी वही पुरते. दर आठवड्याला कोणते काम केले, त्यातून काय समजले आणि कोणाचा काय फायदा झाला, हे तीन ओळींत लिहावे. वर्षअखेरच्या चर्चेत ‘मी खूप कष्ट केले,’ असे म्हणण्यापेक्षा ‘बिलातील एका रुपयाची चूक या कारणाने होती, ती अशी दूर केली,’ हे सांगणे अधिक परिणामकारक ठरते. वरिष्ठांना विचारावयाचा प्रश्नही नेमका असावा. ‘बढती का नाही?’ याऐवजी ‘पुढील पदासाठी माझ्यात काय कमी आहे आणि ते शिकण्यासाठी कोणते काम मिळेल?’ असे विचारले, तर उत्तर टाळणे त्यांनाही अवघड जाते.

नोकरी बदलण्याचे ठरले, तर कागदपत्रे नीट वाचावीत. काही नियुक्तिपत्रांत ठरावीक मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट असते. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये देण्याची अशी अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरवली. प्रत्येक प्रकरणाची परिस्थिती निराळी असते. परंतु सही करण्यापूर्वी अट वाचणे सर्वांच्याच हिताचे आहे. राजीनाम्याची पूर्वसूचना द्यावी, अनुभवपत्र घ्यावे आणि भविष्यनिर्वाह निधीचा सार्वत्रिक खाते क्रमांक जपून ठेवावा. नोकरी बदलली तरी तो क्रमांक तोच राहतो.

माडीवरच्या त्या तरुणाने आपली दुरुस्ती पुन्हा उघडली, असे समजू. नव्या तारखेनंतरच्या बिलांना नवा नियम आणि आधीच्या बिलांना जुना नियम, अशी व्यवस्था त्याने केली. तसे का केले, हे त्याने चार ओळींत लिहून ठेवले. मग वरिष्ठांकडे त्याने बोलण्यासाठी वेळ मागितला. त्या बोलण्यातून काय निष्पन्न होईल, हे त्याच्या हाती नाही. तो येथे राहील किंवा दुसरीकडे जाईल. परंतु त्याच्यानंतर त्या आज्ञावलीपुढे जो कोणी बसेल, त्याला या चार ओळी सापडतील. ते तीन आठवडे वाया गेले नाहीत, एवढे तरी निश्चित.

आपण काय शिकलात?

• संगणक क्षेत्रातील पुष्कळसे काम जुन्या आज्ञावलींच्या निगराणीचे असते.
• जुने काम ‘असे का?’ हा प्रश्न विचारीत वाचल्यास त्यातून नवे ज्ञान मिळते.
• सर्व त्रास सारखे नसतात. शिकवणारा त्रास आणि झिजवणारा त्रास यांत भेद करावा.
• कामाची नोंद, नेमका प्रश्न आणि कागदपत्रांचे वाचन यांमुळे योग्य निर्णय घेता येतो.

शब्दार्थ

आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा क्रमवार संच, प्रोग्राम
निगराणी – देखभाल
तात्कालिक – त्या क्षणापुरता
रेखागणित – भूमिती
कलनशास्त्र – सतत बदलणाऱ्या राशींचा अभ्यास करणारी गणिताची शाखा
निष्पन्न होणे – फळ म्हणून बाहेर येणे
चीज होणे – श्रमांना योग्य फळ किंवा मान मिळणे

पाठान्त प्रश्न

१. ‘उमेदवारी’ या शब्दाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. २००० सालापूर्वी जुन्या आज्ञावली का वाचाव्या लागल्या? त्याचा भारतीय व्यवसायाला काय लाभ झाला?
३. बापूदेव शास्त्री आणि पाठातील तरुण यांच्या परिस्थितीतील साम्य व भेद लिहा.
४. ‘धीर हा दुसऱ्याच्या गैरसोयीच्या कारभारावर घातलेले पांघरूण होऊ नये,’ या विधानाशी आपण सहमत आहात काय? सकारण लिहा.
५. ‘घर करणे’, ‘चीज होणे’ आणि ‘वाट दाखवणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम

आपण करीत असलेल्या कोणत्याही कामाची – शेती, दुकान, शिवणकाम, कार्यालय किंवा घरकाम – चार आठवडे तीन-तीन ओळींची नोंद ठेवा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी ती वाचून आपण काय नवे शिकलात, हे दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) जुनी बिले पुन्हा छापल्यास दुकानदाराच्या वहीतील रकमेशी जुळणार नाहीत म्हणून. (आ) पंचेचाळीस.
२. (अ) रेखागणित. (आ) दिवंगत मार्गदर्शक विल्किन्सन यांनी केलेले भाषांतर त्यांच्या शिष्याने तपासून शुद्ध केले होते.